शिक्षणावरचे संशोधन शोधताना: डेटाबेसला कळणारे शब्द

चौथीतली मुले धडा घडाघडा वाचतात, पण काय वाचले ते त्यांना सांगता येत नाही. मुलांनीच एकमेकांना शिकवले तर आकलन सुधारते का? प्रश्न चांगला आहे, पण हे वाक्य अख्खेच्या अख्खे लायब्ररीच्या डेटाबेसमध्ये टाकले तर बहुतेक वेळा एकतर शून्य निकाल येतात किंवा भलतेच हजारो. डेटाबेसला वाक्य नको, संकल्पना हव्यात. म्हणून आधी कागदावर प्रश्न फोडा: वाचनाचे आकलन, मुलांनी मुलांना शिकवणे, प्राथमिक वर्ग. तीन संकल्पना पुरतात. ‘परिणाम’, ‘अभ्यास’, ‘भूमिका’ हे शब्द शोधात घालू नका. लेखकाने नेमका तोच शब्द वापरलेला नसला की चांगला लेख निसटतो.

सुरुवात एरिकपासून करावी. अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा हा डेटाबेस 1960च्या दशकापासून चालू आहे, खास शिक्षणासाठीच आहे आणि त्याचे संकेतस्थळ कोणालाही फुकट वापरता येते. हाच एरिक अनेक ग्रंथालये एब्स्को किंवा प्रोक्वेस्ट या डेटाबेस पुरवणाऱ्या कंपन्यांच्या पडद्यावरूनही देतात. तिथे शोधाची साधने जास्त असतात, पण लॉगिन लागते. (पुढचे सगळे शोधशब्द इंग्रजीत, रोमन लिपीत टाइप करायचे आहेत, इथे ते उच्चाराप्रमाणे दिले आहेत.)

एरिकचे खरे बळ त्याच्या थिसॉरसमध्ये, म्हणजे विषयशब्दांच्या ठरलेल्या यादीत आहे. लेख नोंदवताना त्याला ठरलेल्या यादीतले विषयशब्द लावले जातात. त्यांना डिस्क्रिप्टर म्हणतात. लेखकाने शीर्षकात काहीही लिहिलेले असो, विषय एक असेल तर डिस्क्रिप्टर एकच असतो. अडचण अशी की आपल्या तोंडातला शब्द आणि यादीतला शब्द बऱ्याचदा वेगळा निघतो. आपण ‘पीअर ट्युटरिंग’ म्हणतो, एरिकमध्ये अशा लेखांवर ‘पीअर टीचिंग’ लावलेले असते. ‘फॉर्मेटिव्ह असेसमेंट’ (शिकवत असतानाच केलेले मूल्यमापन) शोधणाऱ्याला ‘फॉर्मेटिव्ह इव्हॅल्युएशन’ हा डिस्क्रिप्टर माहीत नसेल, तर बरेच काही हातचे जाते.

डिस्क्रिप्टर शोधायची सगळ्यात सोपी रीत उलटी आहे. आधी साध्या शब्दांनी शोधा, पहिल्या वीस निकालांतून आपल्या विषयाला अगदी चपखल बसणारा एक लेख निवडा आणि त्याची पूर्ण नोंद उघडा. तिथे डिस्क्रिप्टरची यादी दिसते. त्यातले दोन-तीन कामाचे शब्द उचला आणि नवा शोध त्यांच्यावर उभा करा. थिसॉरस उघडून तोच शब्द पाहिला, तर त्याच्या वरचा व्यापक शब्द, खालचे नेमके शब्द आणि शेजारचे शब्दही मिळतात. इथे दहा मिनिटे घालवली तर पुढचे कित्येक तास वाचतात. बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात.

आता शोध बांधू. एब्स्कोच्या अ‍ॅडव्हान्स्ड सर्चमध्ये एकाखाली एक चौकटी असतात. एका चौकटीत एकच संकल्पना ठेवा:

पहिली: "रीडिंग कॉम्प्रिहेन्शन" ऑर "रीडिंग डिफिकल्टीज"
दुसरी: "पीअर टीचिंग" ऑर "पीअर ट्युटरिंग"
तिसरी: "एलिमेंटरी स्कूल" ऑर "प्रायमरी स्कूल" ऑर "ग्रेड 4"

चौकटींच्या मध्ये ‘अँड’ ठेवा. ‘ऑर’ने जाळे पसरते, ‘अँड’ने आवळते. दुहेरी अवतरणचिन्हे दिली की दोन्ही शब्द लागून आले तरच निकाल येतो. तिसऱ्या चौकटीत अमेरिकी आणि ब्रिटिश असे दोन्ही शब्द मुद्दाम घेतले आहेत. स्पेलिंगचेही तसेच, ‘बिहेवियर’ दोन्ही स्पेलिंगांनी शोधावा लागतो. ‘नॉट’ शक्यतो वापरू नका. ‘नॉट सेकंडरी’ म्हटले की प्राथमिक आणि माध्यमिक अशी तुलना करणारा अभ्यासही बाहेर फेकला जातो.

शब्दाच्या शेवटी तारका (*) लावली की त्याची रूपे एकदम शोधता येतात. ‘टीच’ला तारका लावली तर टीचर, टीचर्स, टीचिंग सगळे येते. पण फार आधी तोडू नका. ‘रीड’ला तारका लावली की ‘रेडी’ आणि ‘रेडीनेस’ही येतात, कारण स्पेलिंगची पहिली चार अक्षरे तीच आहेत, आणि शाळापूर्व तयारीवरचे ढीगभर लेख निकालांत घुसतात. शिवाय प्रत्येक डेटाबेसमध्ये तारका सारखीच चालेल असे नाही. त्या त्या ठिकाणचे मदतीचे पान आधी पाहावे.

एरिकच्या स्वतःच्या संकेतस्थळावर एकच चौकट आहे. तिथे ‘डिस्क्रिप्टर’, मग कोलन (:) आणि लगेच अवतरणात "पीअर टीचिंग" असे लिहिले की शोध फक्त डिस्क्रिप्टरमध्येच होतो. पण अगदी ताजे लेख डेटाबेसमध्ये नोंदले जायला वेळ लागतो, तेव्हा गेल्या वर्षभरातल्या लेखांसाठी इतरत्रही साध्या शब्दांनी शोधावे.

निकाल आले की बाजूचे फिल्टर वापरा. ‘पीअर रिव्ह्यूड’ (छापण्याआधी तज्ज्ञांनी तपासलेले लेख) लावायला हरकत नाही. ‘फुल टेक्स्ट’ मात्र सुरुवातीला लावू नये, ही आमची ठाम सूचना आहे. एरिकमध्ये ईजेने सुरू होणारा क्रमांक म्हणजे नियतकालिकातला लेख. त्याचा बहुधा फक्त सारांश असतो आणि मजकूर प्रकाशकाकडे. ईडीने सुरू होणारे म्हणजे अहवाल, परिषदांतले निबंध, मार्गदर्शिका वगैरे. त्यांची पीडीएफ पुष्कळदा तिथेच मिळते. म्हणजे पूर्ण मजकुराचा फिल्टर लावला की मुख्य नियतकालिकांतले बरेचसे लेख गायब. ईडी क्रमांक असलेल्या प्रबंधांचीही एरिकवर अनेकदा नुसती नोंदच असते.

‘पब्लिकेशन टाइप’ या फिल्टरकडे फार थोडे लोक पाहतात. त्यात ‘इन्फर्मेशन अ‍ॅनालिसीज’ निवडले तर आधीच्या संशोधनाचे आढावे वर येतात. एक चांगला आढावा सापडला की त्याची संदर्भसूची आयतीच मिळते. ‘टेस्ट्स/क्वेश्चनेअर्स’ निवडले तर प्रश्नावली किंवा चाचणी जोडलेले दस्तऐवज मिळतात. स्वतःचे साधन तयार करणाऱ्याने ते आधी पाहावे. साधने वापरायची झाल्यास मूळ लेखकाची परवानगी लागते, हे लक्षात असू द्या.

पूर्ण लेख मिळत नसेल तर आधी नोंदीजवळचे ग्रंथालयाचे ‘फुल टेक्स्ट शोधा’ बटण दाबा. मग शीर्षक अवतरणात घालून गुगल स्कॉलरवर पाहा. लेखकाने ठेवलेली प्रत तिथे कधी कधी सापडते. तरीही नाही मिळाला तर आंतरग्रंथालयीन देवघेवीचा, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयातून लेख मागवण्याचा अर्ज भरा. प्रकाशकाच्या पानावर पैसे मागितले म्हणून लगेच भरू नका. घरून शोधत असाल तर ग्रंथालयाच्या पानावरूनच डेटाबेसमध्ये शिरा, नाहीतर तुमचे सदस्यत्व प्रकाशकाला कळतच नाही.

गुगल स्कॉलरवर लेखाखालचे ‘साइटेड बाय’ही दाबून पाहा. 2005चा एखादा चांगला लेख हातात असेल तर त्याचा आधार घेणारे पुढचे लेख तिथून मिळतात.

ब्राउझरच्या अ‍ॅड्रेस बारमधला दुवा जपून ठेवू नका. एब्स्को-प्रोक्वेस्टमध्ये तो बहुधा त्या बैठकीपुरताच चालतो आणि दुसऱ्या दिवशी मृत निघतो. नोंदीतला पर्मालिंक (कायम चालणारा दुवा) किंवा डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) घ्या, नोंद झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवा. आणि प्रत्येक शोधाची एक ओळ लिहून ठेवा: तारीख, डेटाबेस, शोधशब्द, फिल्टर, निकालांची संख्या. प्रबंधात शोधपद्धती लिहायची वेळ येते तेव्हा ही वही नसेल, तर सगळे शोध पुन्हा करावे लागतात आणि आकडे मात्र तेच येत नाहीत, कारण मधल्या काळात डेटाबेसमध्ये नव्या नोंदी पडलेल्या असतात.