आरव्ही पोहोचवणाऱ्या स्वतंत्र चालकाने विम्याचा खर्च कसा मांडावा

अमेरिकेत इंडियाना राज्यातील एल्खार्ट परिसरात आरव्हींचे, म्हणजे फिरत्या घरांचे, कारखाने एकवटले आहेत. तिथे तयार झालेला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे ओढून नेण्याचे फिरते घर, स्वतःच्या पिकअप ट्रकला जोडून दूरच्या राज्यातील विक्रेत्यापर्यंत नेऊन देणारे बरेचसे चालक पगारी नोकर नसतात. मैलामागे ठरलेल्या दराने ते काम घेतात. हे काम स्वीकारण्यापूर्वी डिझेलचा हिशेब प्रत्येक जण करतो, पण विम्याचा हिशेबही तितक्याच बारकाईने करायला हवा.

घरच्या गाडीची पॉलिसी या कामाला चालत नाही, हे आधी मनाशी पक्के करावे. मोबदला घेऊन मालवाहतूक केल्यास वैयक्तिक पॉलिसी सहसा भरपाई नाकारते. त्यामुळे ट्रक कशासाठी वापरणार हे विमा कंपनीला लेखी कळवूनच दर मागवावा. ते लपवून मिळवलेला स्वस्त प्रीमियम अपघाताच्या दिवशी कवडीच्या उपयोगाचा नसतो.

पुढचा खर्च तुम्ही कोणाच्या परवान्यावर धावता यावर अवलंबून असतो. स्वतःची ऑथॉरिटी, म्हणजे मोबदला घेऊन वाहतूक करण्याचा केंद्रीय परवाना, घेतल्यास आंतरराज्य वाहतुकीसाठी, १०,००१ पौंड किंवा त्याहून अधिक वजनश्रेणीच्या वाहनाला, केंद्रीय नियमानुसार किमान साडेसात लाख डॉलरचा लायबिलिटी विमा, म्हणजे आपल्यामुळे इतरांचे झालेले नुकसान भरून देणारा विमा, लागतो. काम देणाऱ्या कंपन्या बहुधा दहा लाखांचा मागतात. विमा कंपनी त्याचा दाखला एफएमसीएसए या केंद्रीय यंत्रणेकडे परस्पर दाखल करते, आणि पॉलिसी रद्द झाली तर ऑथॉरिटीही धोक्यात येते. नव्या ऑथॉरिटीला प्रीमियम चढा लागतो. म्हणून नवख्या चालकाने पहिली काही वर्षे एखाद्या वाहतूक कंपनीशी लीज करार करून, म्हणजे आपला ट्रक चालकासह तिला भाड्याने देऊन, तिच्या ऑथॉरिटीखाली धावावे, असे माझे मत आहे. तिथे लोकांच्या नुकसानीचा मुख्य विमा त्या वाहतूक कंपनीचा असतो. आपल्या ट्रकच्या नुकसानीचा विमा मात्र बहुतेक वेळा आपल्यालाच काढावा लागतो.

खरी मेख परतीच्या प्रवासात आहे. ट्रेलर विक्रेत्याच्या आवारात सोडला, पावती घेतली आणि रिकामा पिकअप घेऊन आपण हजार मैल घराकडे निघालो, तर त्या वाटेवर विमा कोणाचा? चालकांना ‘नॉन-ट्रकिंग’ आणि ‘बॉबटेल’ अशी दोन नावे ऐकायला मिळतात आणि अनेक जण ती एकच समजतात. नॉन-ट्रकिंग विमा ट्रक खासगी कामासाठी वापरत असतानाच लागू होतो, तर बॉबटेल विमा ट्रेलर जोडलेला नसताना लागू होतो, मग तो प्रवास कामाचा असला तरी. पोहोच करून परतणे हा कामाचाच भाग आहे, असे नॉन-ट्रकिंग विमा कंपनी म्हणू शकते. त्यामुळे परतीचे रिकामे मैल कोणत्या पॉलिसीत धरले आहेत, हे वाहतूक कंपनी आणि विमा एजंट या दोघांकडूनही लेखी घ्यावे. केंद्रीय लीज नियमांनुसार असा विमा कोणी काढायचा हे करारात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. आणि वाहतूक कंपनीमार्फत विमा घेतला असेल, तर मागणी केल्यावर पॉलिसीची प्रत मिळते आणि प्रत्येक संरक्षणाची किंमत व डिडक्टिबल (नुकसानीतला आपण स्वतः भरायचा ठरलेला वाटा) दाखवणारे प्रमाणपत्रही मिळते. ते जरूर मागावे.

ओढत असलेल्या ट्रेलरचा, म्हणजे मालाचा, विमा वेगळा. घरसामान वगळता बहुतेक मालासाठी केंद्रीय सक्ती २०११ मध्ये उठली, तरी कंपन्या तो मागतातच. यात डिडक्टिबल कोण भरणार ते पाहावे, कारण छताच्या कोपऱ्याला झाडाची फांदी घासली तरी ती रक्कम आपल्या हिशेबातून वळती होऊ शकते. ट्रेलर ताब्यात घेताना चारही बाजू, छताच्या कडा, ऑनिंग (बाहेर उघडणारे छत्र), स्लाइड-आउटच्या (बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या) फटी आणि टायर यांचे फोटो काढावेत. आधीचा ओरखडा दिसला तर बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या कागदावर, तो लिहून मगच सही करावी. पोहोच देतानाही हीच फेरी पुन्हा मारावी. या पंधरा मिनिटांचे मोल एका डिडक्टिबलइतके आहे.

आता आकडा मांडावा. समजा सर्व विमा मिळून वर्षाला ९,००० डॉलर पडतात आणि ट्रक ९०,००० मैल धावतो, पण जाताना ट्रेलर आणि येताना रिकामा, म्हणजे मोबदल्याचे मैल ४५,०००च. एकूण मैलांनी भागले तर विमा मैलाला १० सेंट दिसतो. पण पैसे देणाऱ्या मैलांनी भागले तर तो २० सेंट आहे, आणि हाच आकडा खरा धरावा. या हिशेबाने १,२०० मैलांच्या एका खेपेतून २४० डॉलर विम्याला जातात. डिडक्टिबल जास्त ठेवून प्रीमियम कमी करता येतो, पण तेवढी रक्कम बँकेत बाजूला असेल तरच ते करावे.

स्वतंत्र चालकाला कामगार नुकसानभरपाई सहसा मिळत नाही, म्हणून कामावरच्या अपघाताचा वेगळा विमाही या बेरजेत धरावा. कर भरताना प्रत्यक्ष खर्चाची पद्धत निवडली असेल तर ट्रकचा प्रीमियम व्यवसायाचा खर्च म्हणून वजा करता येतो. मैलामागे ठरावीक सरकारी दराने वजावट घेतली तर मात्र तो त्या दरातच धरलेला असतो आणि वेगळा दाखवता येत नाही.