नाशिकला गाडी आणताय? आधी दिशा सांगा

नागपूर-अमरावतीकडून नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरीसाठी आलेला माणूस बस्तान बसलं की हमखास विचारतो, "इकडे गाडी चालवणं अवघड आहे का हो?" मीही तिकडचाच, आता नाशिककर झालोय. मी त्याला उलट विचारतो, निघालात कुठल्या बाजूला आणि महिना कुठला? इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सिन्नरच्या पूर्वेला ५०० च्या आसपास. शहरातल्या द्वारका चौकात रस्ता कोरडा म्हणून निघावं, तर इगतपुरीच्या अलीकडचं घोटी येईपर्यंत वायपर पूर्ण वेगात.

तेव्हा मे संपायच्या आत वायपरची रबरं बदला आणि टायर बघा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेच बाद. पण पावसाळ्यात तिथवर वाट कशाला बघायची? मी ३ मिलिमीटरलाच बदलतो. पहिल्या एक-दोन सरी जास्त वाईट. उन्हाळाभर रस्त्यावर बसलेलं तेल आणि धूळ ओली होते, गाडी साबणावरून चालल्यासारखी घसरते.

कसारा घाट सपाटीवरून आलेल्यांना नडतो तो उतरताना. ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि ऐन वळणावर धरत नाही. न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवणारेही भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा. धुक्यात हेडलाइट खाली ठेवा. वर केला की उजेड धुक्यावरून परत आपल्याच डोळ्यांत येतो. आणि चारही इंडिकेटर लावून चालायची जी फॅशन आहे ना, ती मला मुळीच पटत नाही. तुमची गाडी उभी आहे, चालतेय की वळतेय, मागच्याने ओळखायचं कसं? काच आतून धुरकटली तर फडकं शोधू नका. एसी लावा, बाहेरची हवा आत घ्या, क्षणात साफ होते. धबधबा दिसला म्हणून वळणावर गाडी उभी करणारे दर रविवारी असतातच, म्हणून वेग आवरता ठेवा.

शहरात पावसाळ्याचं मोजमाप म्हणजे दुतोंड्या मारुती, गोदाघाटावरची मारुतीची उंच मूर्ती. वर गंगापूर धरणातून पाणी सोडलं की लोक मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं असं बोलायला लागतात. ते कानावर आलं की गोदाघाटावर लावलेली गाडी लगेच हलवायची. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर इथले लोक अजून विसरलेले नाहीत. वाहत्या पाण्यात गाडी घालूच नका. फूटभर पाणीही छोटी गाडी उचलू शकतं. साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. आत पाणी गेलेलं असेल तर दट्ट्याचे दांडे वाकतात. गाडी ढकलून बाहेर काढा आणि मेकॅनिकला बोलवा. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही, इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

पूर्वेकडे, निफाड-लासलगाव-पिंपळगाव पट्ट्यात, गोष्ट निराळी. तिथे पावसापेक्षा हिवाळ्याची पहाट आणि रात्र सांभाळायची. कांद्याच्या, उसाच्या ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाखाली. समोरच्याचा हाय बीम डोळ्यांवर आला की नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा आणि तेवढा वेळ ट्रॉली समोर आहे असंच धरून चाला. शेतकऱ्यावर हॉर्न वाजवून उपयोग नाही, त्याला बाजार समितीत नंबर लावायचा असतो.

राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३, कुठेही ११२, रुग्णवाहिकेला १०८. नंबर काचेवर चिकटवून ठेवा, घाटात रेंज मिळाली तर पटकन सापडतील.

आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला जायचं मनात असेल, तर गाडीची किल्ली घरीच ठेवा. ब्रह्मगिरीच्या फेरीची गर्दी असते, खासगी गाड्या अलीकडेच अडवतात. एसटी थेट गावापर्यंत नेते.