स्पॅनिश सोन्याची जुनी नाणी जमवायचीत? आधी बारीक तारे वाचायला शिका

डबलून, म्हणजे स्पॅनिश सोन्याचं जुनं नाणं, म्हटलं की सगळे थेट बुडालेल्या जहाजांकडे पळतात. तिथून सुरुवात करू नका, खिसा मोकळा होईल आणि कळणार काहीच नाही.

पहिलं नाणं घ्या स्पेनचा राजा बाराव्या अल्फोन्सोचं २५ पेसेता (पेसेता हे स्पेनचं जुनं चलन), १८७६ ते १८८५ मधलं. वजन ८.०६ ग्रॅम, सोनं ९०० टंच, आणि साधी सालं सोन्याच्या भावापेक्षा फार वर जात नाहीत.

मग भिंग काढा. पेसेताच्या नाण्यांवर सालाच्या दोन्ही बाजूंना चिमुकले तारे असतात आणि त्यांच्या आत आकडे, नाणं खरं कधी पाडलं ते तिथे कळतं. १०० पेसेतावर मोठ्या अक्षरात १८९७ आहे पण ताऱ्यांत १९ आणि ६२ दिसले, तर ते १९६२ मध्ये सरकारी टांकसाळीनेच परत पाडलेलं. बनावट नाही, पण भाव वेगळा, म्हणून लिस्टिंगमध्ये ताऱ्यांचा क्लोजअप नसेल तर मागून घ्या, देत नसेल तर सोडून द्या.

आता मोठा मासा, ८ एस्कुदो (एस्कुदो हे पेसेताच्या आधीचं स्पॅनिश चलन), साधारण २७ ग्रॅम. इथे मजा अशी की स्पेनचा राजा तिसऱ्या कार्लोसने १७७२ मध्ये गुपचूप सोनं ९१७ वरून ९०१ टंचावर आणलं आणि १७८६ मध्ये ८७५ वर, त्यामुळे साल बघूनच टंच धरायचा. टेस्ट घरीच होते: नाणं दोऱ्याने पाण्यात लटकवून वजन करा, २७ ग्रॅमचं नाणं १.५ ते १.६ ग्रॅमने हलकं व्हायला हवं, तेवढ्याच वजनाचं सोनेरी मुलामा दिलेलं पितळ ३ ग्रॅमच्या वर जाईल. पण नुसत्या वजनावर विसंबू नका, १९व्या शतकात सोन्यासारखंच जड असलेलं प्लॅटिनम स्वस्त होतं म्हणून त्यावर मुलामा देऊन स्पॅनिश नाणी बनवायचे, आज त्या बनावट नाण्यांचेही शौकीन आहेत!

हातोड्याने पाडलेली वेडीवाकडी नाणी शेवटी घ्या. ३१ जुलै १७१५ ला फ्लोरिडाजवळ वादळात बुडालेल्या ताफ्यातली याच जातीची. साल बऱ्याचदा कडेबाहेरच जातं, पूर्ण साल दिसलं की किंमत उडते. एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासणाऱ्या कंपन्यांनी सीलबंद केलेलंच घ्या आणि सीलवरचा नंबर त्यांच्या साइटवर टाकून फोटो जुळतो का बघा.

घासूनपुसून चकचकीत करू नका, सोनाराकडेही नाही. परदेशातून मागवत असाल तर ड्युटी आधी विचारा, आणि १०० वर्षांहून जुनं नाणं एकदा भारतात आलं की परत बाहेर विकता येत नाही, १९७२ चा कायदा आहे.