ऑनलाइन ग्रुपसाठी सिनेमा निवडताना: आधी गाळणी, मग मतदान

ऑनलाइन ग्रुपची सिनेमाची रात्र फसते ती बहुतेक वेळा सिनेमा वाईट होता म्हणून नाही. अर्ध्या लोकांना तो मिळालेलाच नसतो, किंवा तो इतका लांबतो की शेवटी तिघेच जागे असतात. म्हणून ‘काय बघूया?’ असं सगळ्यांना विचारण्याआधी यादी गाळून घ्या. जो दाखवणं शक्यच नाही तो सिनेमा मतदानात जिंकला, तर नंतर रद्द करताना माणसं दुखावतात.

लांबी 85 ते 110 मिनिटं असावी. जमायला 15 आणि नंतरच्या गप्पांना 25 मिनिटं धरली, तर 100 मिनिटांचा सिनेमासुद्धा 2 तास 20 मिनिटं घेतो, आणि वेगवेगळ्या देशांतली माणसं असतील तर कुणाची तरी मध्यरात्र उलटते. 130 मिनिटांच्या वरचा सिनेमा घ्यायचाच असेल, तर मध्यंतर कितव्या मिनिटाला हे आधी बघून ठरवा. ते प्रसंग संपतो तिथेच घ्या, संवादाच्या मध्ये नको. सिनेमा दोन रात्रींत वाटून दाखवू नका. दुसऱ्या रात्री गर्दी हमखास रोडावते.

सगळ्यात जास्त घोळ उपलब्धतेत होतो. सिनेमाचे हक्क देशानुसार विकले जातात, त्यामुळे त्याच सेवेवर एका देशात दिसणारा सिनेमा दुसऱ्या देशात नसतो. यादीतला प्रत्येक सिनेमा सगळ्यांनी आपापल्या खात्यात शोधून ‘आहे’ किंवा ‘नाही’ कळवावं. हक्कांची मुदत संपली की सिनेमा काढला जातो, म्हणून आदल्या दिवशी पुन्हा तपासा. भाड्याने घेणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: बऱ्याच सेवांवर भाड्याचा सिनेमा सुरू करायला 30 दिवस मिळतात, पण एकदा प्ले केला की 48 तासांत संपवावा लागतो. शनिवारच्या सिनेमासाठी बुधवारी ‘चालतो का बघूया’ म्हणून प्ले दाबलं, तर शनिवारी पुन्हा पैसे भरावे लागतील.

एकाने स्क्रीन शेअर करून सगळ्यांना दाखवायचं, हा बेत सहसा काळ्या पडद्यावर संपतो, कारण पैसे भरून बघायच्या सेवा कॉपी-संरक्षणामुळे चित्र शेअर होऊ देत नाहीत. प्रत्येकाने आपल्याकडे लावायचं आणि वेळ जुळवायची, हाच टिकाऊ मार्ग. त्यासाठी सगळ्यांचा सिनेमा एकाच वेळी चालवणारी साधनं आहेत: स्ट्रीमिंग सेवांवर ब्राउझरमध्ये जोडायचं टेलिपार्टी आणि आपल्याकडच्या फाइलसाठी सिंकप्ले. नाहीतर तीन, दोन, एक म्हणून एकदम प्ले दाबा.

हे जुळावं म्हणून आवृत्तीही एकच हवी. नावासोबत लांबी तास-मिनिट-सेकंदात लिहा. दिग्दर्शकाची आवृत्ती आणि थिएटरची आवृत्ती यांत कित्येक मिनिटांचा फरक असू शकतो. त्याहून फसवा प्रकार वेगाचा: सेकंदाला 24 फ्रेमचा सिनेमा जुन्या युरोपीय डीव्हीडीवर सहसा 25 फ्रेमने धावतो, म्हणजे 100 मिनिटांचा 96 मिनिटांत संपतो. सुरुवातीला सगळं जुळलेलं दिसतं आणि अर्ध्या तासात एक माणूस मिनिटभर पुढे गेलेला असतो. तो चॅटमध्ये ‘बापरे!’ लिहितो आणि बाकीच्यांचा धक्का वाया जातो.

आता सिनेमाचा स्वभाव. ग्रुप टाइप करून गप्पा मारणारा असेल, तर सबटायटल आणि चॅट दोन्ही एकाच वेळी वाचावे लागतात. अशा वेळी अखंड बोलणारा परभाषेतला सिनेमा दमवतो. भयपट, विनोदी सिनेमा, जुनी विज्ञानकथा, पाठलागाची गोष्ट जास्त रंगते. व्हॉइसवर बोलत असाल तर गाणी आणि शांत प्रसंग असलेले सिनेमे दबून जातात. संथ, एकाग्रतेने बघायचा सिनेमा जरूर निवडा, पण त्या रात्री चॅट शेवटापर्यंत बंद ठेवायचं हे आधीच सांगा. भाषा ओळखीची असली तरी सबटायटल लावाच. आवाज एकमेकांवर चढतात तेव्हा तीच सांभाळून घेतात.

हिंसा, लैंगिक अत्याचार, प्राण्यांचे हाल, भराभर लुकलुकणारे दिवे यांची पूर्वसूचना यादीतच द्या. ‘डझ द डॉग डाय’ या संकेतस्थळावर अशा प्रसंगांची नोंद सापडते. प्रत्येकाला कारण न देता एक सिनेमा नाकारण्याचा हक्क असावा, आणि त्यावर वाद नको.

आता मतदान. तीन ते पाचच सिनेमे ठेवा. प्रत्येकी एकच मत दिलं की मतं फुटतात: दहा जणांत 3, 2, 2, 2, 1 अशी वाटणी झाली, तर सात जणांनी न निवडलेला सिनेमा जिंकतो. त्याऐवजी ‘जे जे चालतील त्या सगळ्यांना मत द्या’ म्हणा. सर्वांना आवडलेला नव्हे, पण बहुतेकांना चालणारा सिनेमा वर येतो, आणि एकत्र बसायला तोच हवा. बरोबरी झाली तर ज्याने सुचवलेला सिनेमा सर्वांत जास्त दिवस लागलेला नाही त्याचा घ्या. ज्याचा सिनेमा लागला त्याने पुढचे तीन वेळा सुचवू नये. नाहीतर दोघा-तिघांचीच आवड ग्रुपवर राज्य करते. हरलेला सिनेमा आणखी दोनदा यादीत ठेवा, मग काढून टाका.

मतदान कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी बंद करा, म्हणजे भाड्याने घ्यायला वेळ उरतो. दुसऱ्या क्रमांकाचा सिनेमाही तितकाच तपासून राखीव ठेवा. ऐनवेळी पहिला लागला नाही, तर दहा मिनिटं वाट बघून सरळ राखीव सिनेमा सुरू करा.