बेसबॉलचा कॅचर व्हायचं असेल तर: बैठकीपासून दुसऱ्या बेसच्या थ्रोपर्यंत

कॅचर म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरने (गोलंदाजाने) टाकलेला चेंडू झेलणारा, बेसबॉलचा यष्टिरक्षकच. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधले कितीतरी कॅचर मुळात कॅचर नव्हतेच. यँकीज संघाचा होर्हे पोसादा दुसऱ्या बेसवर खेळायचा, रसेल मार्टिन तिसऱ्या बेसवर. दोघांनाही क्लबने मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावर, होम प्लेटमागे (बॅटरसमोरच्या जमिनीतल्या पाटीमागे) बसवलं. त्यामुळे उशिरा सुरुवात झाली म्हणून दार बंद होत नाही. अट एकच: थ्रो उजव्या हाताने हवा. मेजर लीगमध्ये डावखुरा कॅचर शेवटचा दिसला तो 1989 मध्ये, पिट्सबर्गचा बेनी डिस्टेफानो. डावखुऱ्या मुलाने दुसरी जागा निवडावी.

साहित्यात मिटवर, म्हणजे झेलायच्या हातमोज्यावर, सर्वात जास्त खर्च करा. कॅचरच्या मिटला वेगळी बोटं नसतात आणि त्याचं माप घेराचं असतं. मोठ्यांसाठी 33 ते 34 इंच ठीक. नवं मिट पुठ्ठ्यासारखं कडक असतं, म्हणून सामन्याआधी काही आठवडे रोज त्यात चेंडू घ्या. मास्कला गळ्याचं संरक्षण हवंच. छातीचं कवच इतकं सैल नको की खांदे पुढे वळवल्यावर मानेखाली फट पडेल. शिनगार्डने गुडघा आणि पावलाचा वरचा भाग, दोन्ही झाकले पाहिजेत.

बसताना अंतर आधी ठरवा. फार मागे बसलात तर खालचे चेंडू मिटपर्यंत येताना आणखी खाली जातात आणि स्ट्राइक (बॅटरविरुद्ध मोजला जाणारा चेंडू; तीन झाले की तो बाद) हातची जाते. फार पुढे बसलात तर बॅट हातावर बसते. मे 2024 मध्ये कार्डिनल्सच्या विल्सन कॉन्ट्रेरासचा डावा हात असाच बॅट लागून मोडला. डावा हात पूर्ण लांब करून पाहा: मिट बॅटरच्या मागच्या गुडघ्याच्या जरा अलीकडेच थांबलं पाहिजे. आता बहुतेक जण एक गुडघा जमिनीला टेकवून बसतात. त्याने मिट खाली राहतं आणि मांड्यांवरचा ताणही कमी होतो. बेसवर रनर नसेल तर उजवा हात सरळ पाठीमागे किंवा घोट्यामागे लपवा. सिनसिनाटीच्या जॉनी बेंचने ही एका हाताने झेलण्याची पद्धत रुळवली. बॅटला निसटता लागलेला फाऊल चेंडू उघड्या बोटावर बसला की बोट मोडतं, हे त्यामागचं साधं कारण.

प्लेट 17 इंच रुंद असते आणि कॅचरची खरी कमाई तिच्या कडांवर होते. चेंडू येण्याआधी मिट सैल सोडून जमिनीकडे न्या आणि खालून वर येत चेंडू घ्या. वरून खाली गेलात तर चेंडूचा जोर मिटला आणखी खाली ढकलतो आणि अंपायर त्याला स्ट्राइकऐवजी 'बॉल', म्हणजे हद्दीबाहेरचा चेंडू, ठरवतो. कडेच्या चेंडूला मिट बाहेरून आत येऊ द्या, पण हालचाल तळहाताएवढीच. झेलून झाल्यावर ओढून आणलेला चेंडू कोणत्याही अंपायरला कळतो. 2026 पासून मेजर लीगमध्ये अंपायरच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येतं: प्रत्येक संघाला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं, आणि मागायचा हक्क फक्त बॅटर, पिचर आणि कॅचरला. आमच्या मते पिचरने हा मोह टाळावा. चेंडू प्लेटवरून जाताना सर्वात नीट कॅचरलाच दिसतो.

जमिनीवर आपटणारा चेंडू झेलायचा नसतो, अंगाने अडवायचा असतो. क्रिकेटच्या यष्टिरक्षकाची सवय इथे मोडावी लागते, कारण तो उसळता चेंडू हातातच घेऊ पाहतो. क्रम असा: आधी मिट दोन गुडघ्यांच्या मधल्या फटीत जमिनीला टेकवा, मागोमाग गुडघे, मग खांदे पुढे वळवा आणि हनुवटी छातीला लावा. उजवा हात मिटच्या मागे. श्वास सोडा, छाती ताठ राहिली तर चेंडू लांब उडतो, सैल असली तर पुढ्यात पडतो. चुका बहुधा दोनच होतात. गुडघे आधी आणि मिट नंतर पडतं, मग चेंडू पायांमधून निघून जातो. किंवा भीतीने मान वळते, आणि मास्कने न झाकलेला मानेचा भाग उघडा पडतो. तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू निसटला आणि पहिला बेस रिकामा असला किंवा दोन आऊट झालेले असले, तर बॅटर पहिल्या बेसकडे धावू शकतो. म्हणजे हाती आलेली विकेट एका ढिल्या गुडघ्याने जाते.

आता थ्रो, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना पहिल्या बेसवरून धावून दुसरा बेस 'चोरू' पाहणाऱ्या रनरला बाद करणं. होम प्लेटपासून दुसरा बेस 127 फूट, म्हणजे जवळपास 39 मीटर. चेंडू मिटमध्ये आल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूच्या हातात पडेपर्यंतच्या वेळेला पॉप टाइम म्हणतात. मेजर लीगची सरासरी 2 सेकंदांच्या आसपास, 1.9 म्हणजे उत्तम. पिचरला चेंडू प्लेटपर्यंत पोचवायला साधारण 1.3 सेकंद लागतात आणि वेगवान रनर 3.3 ते 3.4 सेकंदांत पोचतो. बेरीज केली की टॅगसाठी, म्हणजे रनरला चेंडू लावून बाद करण्यासाठी, जवळपास काहीच उरत नाही. म्हणून पिचर 1.6 सेकंद घेत असेल तर दोष स्वतःच्या हाताला देऊ नका, पिचरशी बोला. 2023 मध्ये बेस 15 वरून 18 इंचांचे झाले, पिचरला रनर रोखण्याचे प्रयत्न मर्यादित झाले, आणि चोरलेले बेस एका मोसमात 2,486 वरून 3,503 वर गेले.

वेळ वाचते ती हाताच्या जोरात नव्हे, चेंडू मिटमधून हातात घेण्यात. चेंडूकडे हात लांबवू नका, तो आत येऊ द्या. मिट उजव्या कानाकडे आणा आणि चेंडू तिथे उचला. उजवा हात मिटकडे पुढे गेला की दहावा हिस्सा सेकंद गेलाच. बोटं शिवणीवर आडवी. पकड चुकली तर चेंडू उजवीकडे वळतो. उजवं पाऊल किंचित पुढे, डाव्या पावलाचा चवडा दुसऱ्या बेसकडे, डोकं खाली. पूर्ण उभं राहून फेकणं ही नवख्यांची सर्वात महागडी चूक. नेम बेसच्या पहिल्या-बेसकडच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर.

प्लेटवर येणाऱ्या रनरसमोर चेंडू हातात नसताना वाट अडवता येत नाही. 2011 मध्ये कॅचर बस्टर पोझीचा पाय अशाच धडकेत मोडला आणि 2014 पासून हा नियम आला. प्लेटच्या पुढे उभे राहा, डावं पाऊल तिसऱ्या बेसकडे वळलेलं, रनरला प्लेटची कड मोकळी. चेंडू घेतल्यावरच डावीकडे झुकून टॅग.

चेंडू कोणता टाकायचा ते 2022 पासून मनगटावरच्या किंवा पायावरच्या यंत्राचं बटण दाबून सांगता येतं. पिचरने चेंडू टाकण्यासाठीचं घड्याळ रिकाम्या बेसवर 15, रनर असताना 18 सेकंदांचं, म्हणून चेंडू परत फेकतानाच पुढचा ठरलेला हवा. यंत्र बंद पडलं तर बोटांचे इशारे प्रत्येक पिचरसोबत आधीच पक्के करून ठेवा. अनेक पिचर लॅटिन अमेरिकेतले असतात. कामचलाऊ स्पॅनिश शिकलेला कॅचर त्यांना लवकर हवासा होतो.

एका सामन्यात दीडशेच्या आसपास चेंडू झेलावे लागतात. 162 सामन्यांच्या मोसमात मुख्य कॅचरसुद्धा साधारण 110 ते 130 सामनेच प्लेटमागे बसतो, आणि रात्रीच्या सामन्यानंतरच्या दुपारी राखीव कॅचरला पाठवतात. इव्हान रॉड्रिगेझचा प्लेटमागच्या 2,427 सामन्यांचा विक्रम म्हणूनच डोंगराएवढा वाटतो. गुडघे दुखले तर ते सांगता येतं. डोक्याचं लपवलं जातं. मास्कवर फाऊल आदळल्यावर प्रकाश खुपणं, मळमळ, इशारे विसरणं यांपैकी काहीही झालं तर त्याच डावात ट्रेनरला सांगा. डोक्याच्या इजेसाठी मेजर लीगमध्ये 2011 पासून जखमी खेळाडूंची 7 दिवसांची वेगळी यादी आहे, तिच्यावर जायला लाजू नका. तीन वेळा फलंदाजीचा किताब जिंकलेल्या कॅचर जो माऊअरला 2013 मध्ये अशीच इजा झाली. पुढच्या मोसमापासून तो पहिल्या बेसवर गेला आणि 2018 पर्यंत खेळला.