क्रीटमध्ये स्वस्तात राहायचंय? बुकिंगआधीची तयारी

सुरुवात हॉटेलपासून करू नका, नकाशापासून करा. क्रीट हे ग्रीसचं सगळ्यात मोठं बेट. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे 260 किलोमीटर, म्हणजे मुंबईहून निघून साताऱ्यापर्यंत पोचावं एवढी. संकेतस्थळावर नुसतं ‘क्रीट’ टाकून सगळ्यात कमी दराची खोली घेतली, तर जे पाहायला आलात ते तीन तासांवर निघतं आणि वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. म्हणून आधी कागदावर लिहून काढा. क्नोसोस या प्राचीन राजवाड्याचे अवशेष हेराक्लिओन शहरापासून 5 किलोमीटरवर, शहराच्या बसने जाता येतं. समारियाची 16 किलोमीटरची घळ, बालोस आणि एलाफोनिसी हे किनारे पश्चिमेला, चानिया शहराच्या बाजूला. स्पिनालोंगाचा किल्ला पूर्वेला. आठवडा हाताशी असेल तर चार रात्री चानियाकडे आणि तीन हेराक्लिओनकडे, असे दोन मुक्काम करा. सामान एकदाच सोडायचं असेल तर मधलं रेथिम्नो बघा. जुनं गाव, लांबलचक वाळूचा किनारा आणि बसस्थानक, तिन्ही पायी फिरण्याच्या अंतरात आहेत.

मग तारखा. आपल्या शाळांची मे महिन्यातली सुट्टी इथे फार उपयोगी पडते, कारण मेमध्ये हॉटेलं उघडलेली असतात पण दर जुलै-ऑगस्टइतके चढलेले नसतात. पाणी थोडं गार असतं, तेवढंच. 15 ऑगस्टला जोडून सुट्टी काढायचा बेत असेल तर तो सोडा. त्याच दिवशी ग्रीसमध्ये मेरीमातेचा मोठा सण असतो, अख्खा देश बेटांवर उतरतो आणि साध्या खोलीचेही दर गगनाला भिडतात. दिवाळीचा बेत असेल तर आधी पंचांग बघा. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, आणि तोवर किनाऱ्यावरची बहुतेक रिसॉर्टं हिवाळ्यासाठी बंद झालेली असतात. तेव्हा जायचंच असेल तर चानिया किंवा हेराक्लिओन शहरातच राहा.

आता राहायचं कशात. हेराक्लिओनच्या पूर्वेला हेर्सोनिसोस आणि मालिया भागात ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ रिसॉर्टांची रांग आहे. लहान मुलं, पोहण्याचा तलाव आणि दिवसभर आराम एवढंच हवं असेल तर ती परवडतात. पण रोज सकाळी बाहेर पडून संध्याकाळी परतणाऱ्या कुटुंबाने तिथल्या दुपारच्या जेवणाचे पैसे का भरावेत? माझं मत स्पष्ट आहे: अशा कुटुंबाने घरमालक स्वतः चालवतात त्या छोट्या खोल्या घ्याव्यात. ग्रीक लोक त्यांना ‘दोमातिया’ म्हणतात. हॉटेलांना तारे असतात तशा या खोल्यांना आणि अपार्टमेंटना किल्ल्या असतात, एक ते चार. दोन किल्ल्यांची स्वच्छ जागा, छोटा फ्रिज, दोन शेगड्या आणि बाल्कनी, एवढ्यात चौघांचं छान भागतं. शाकाहारी मंडळींना तर शेगडी हवीच. बाहेर खायला तावेर्नात, म्हणजे तिथल्या साध्या खाणावळीत, डाकोस (कडक टोस्टवर टोमॅटो आणि चीज), जिगांतेस म्हणजे मोठ्या पांढऱ्या वालांसारख्या दाण्यांची उसळ, आणि होर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी मिळते. भरल्या टोमॅटोत खिमा नाही ना, हे मात्र विचारून घ्या.

जाहिरात वाचताना दर सगळ्यात शेवटी बघा. आधी जवळचा बसथांबा शोधा. केटेल नावाच्या बसगाड्या उत्तर किनाऱ्यावर दिवसभर धावतात, पण दक्षिणेकडच्या गावांना फेऱ्या मोजक्याच, आणि तिथल्या लूत्रो गावाला तर रस्ताच नाही, बोटीने किंवा पायी जावं लागतं. ‘समुद्र 800 मीटर’ लिहिलेलं असेल तर नकाशावर चढ किती ते तपासा; आजी-आजोबा बरोबर असतील तर भर उन्हात तो चढ रोज दोनदा होणार नाही. अभिप्राय तुम्ही जाणार त्याच महिन्यातले वाचा. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो आणि उत्तर किनाऱ्यावर लाटा उसळतात, मेमधल्या पाहुण्याला ते कळलेलं नसतं. एसीचे पैसे वेगळे आहेत का, तेही बघा. स्वस्त खोल्यांत अजून कुठे कुठे वेगळे घेतात.

मुक्कामावरच्या सरकारी कराचा हिशेब तर आधीच मांडा, कारण तो बऱ्याचदा पडद्यावरच्या दरात नसतो आणि तिथे पोचल्यावर भरावा लागतो. 2025 पासून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात प्रत्येक खोलीमागे दर रात्री एक-दोन ताऱ्यांच्या हॉटेलात आणि दोमातियात 2 युरो, तीन ताऱ्यांच्या हॉटेलात 5, चार ताऱ्यांच्या 10 आणि पाच ताऱ्यांच्या 15 युरो द्यावे लागतात. थोड्या दिवसांसाठी भाड्याने मिळणाऱ्या खासगी फ्लॅटला 8 युरो. सात रात्रींचा गुणाकार करा: दोमातियात 14, खासगी फ्लॅटमध्ये 56, चार ताऱ्यांच्या रिसॉर्टमध्ये 70. दोन जागांच्या दरात रात्रीमागे चार-पाच युरोंचा फरक दिसत असेल, तर तो इथेच फिरतो.

व्हिसासाठी पूर्ण मुक्कामाचं बुकिंग दाखवावं लागतं, म्हणून फुकट रद्द करता येईल असाच दर निवडा, थोडा जास्त असला तरी. ग्रीससाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) लागतो; त्याचं शुल्क मोठ्यांना 90 युरो आहे आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. गाडी भाड्याने घेणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. अथेन्सहून जाताना पिरेयस बंदरातून रात्रीची बोट धरली तर सकाळी क्रीटला उतरता आणि एका रात्रीचं हॉटेलभाडं वाचतं.

बुकिंग झालं की मालकांना एक छोटा निरोप पाठवा. किती वाजता पोचणार, किल्ली कुठे मिळेल, खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, आणि गरम पाणी कसं. हा शेवटचा प्रश्न उगाच नाही. तिथे घराघराच्या गच्चीवर सौर बंब असतात. किनाऱ्यावरून सगळे एकदम परतले की तिसऱ्याच्या आंघोळीपर्यंत पाणी कोमट होतं. खोलीत किंवा बाथरूमजवळ बंबाचं विजेचं बटण असतं, ते कोणतं हे विचारून ठेवा आणि वापर झाल्यावर बंद करा. टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा, हेही मुलांना आधीच सांगा. तिथले पाइप अरुंद असतात.

सामानात सपाट बुडाचं एक छोटं पातेलं घ्या, तिथल्या विजेच्या शेगड्यांवर गोल बुडाचं तापत नाही. पोहे, रवा, मसाले, चटण्या चालतील. तूप, पेढे, बर्फी मात्र घरीच ठेवा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत, आणि विमानतळावर सापडले तर काढून घेतात.