पॅरालीगल सर्टिफिकेटसाठी कर्ज काढताय? आधी या चुका टाळा

कोकणात वकिलांकडे कागदाचं काम कधी संपत नाही. वारसनोंदी रखडलेल्या, सातबारा सामाईक, निम्मे हिस्सेदार मुंबईला, त्यात कुळकायद्याची जुनी प्रकरणं. त्यामुळे चिपळूण, कणकवली, सावंतवाडीत वकिलाच्या हाताशी माणूस, म्हणजेच पॅरालीगल, लागतोच. पण आपल्याकडे पॅरालीगलला सनद (वकिलीचा परवाना) नसते, नोंदणीची सक्तीही नाही. काम किती येतं यावर पगार ठरतो, आणि कर्जाचं गणित फसतं ते इथेच.

पूर्ण पगार हप्त्यासमोर मांडणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. हप्त्यासमोर मांडायची ती कोर्समुळे वाढलेली कमाई.

समजा, मुलगी आज दुकानात 9,000 रुपये मिळवते आणि कोर्सनंतर वकिलाकडे 13,000 मिळतील. म्हणजे वाढ 4,000. आता खर्च: फी 60,000, ठाण्यात राहण्या-जेवणाचे महिना 10,000 प्रमाणे 1,20,000. कर्ज 1,80,000, व्याज 11 टक्के. कोर्सचं एक वर्ष आणि पुढे सवलतीचं एक वर्ष हप्ता नाही, पण सरळव्याज चढतं: 39,600. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असं धरलं, तर परतफेड सुरू होताना बाकी 2,19,600. पाच वर्षांत फेडायची तर हप्ता सुमारे 4,775.

वाढ 4,000 आणि हप्ता 4,775. शिवाय वर्षभराचा बुडालेला पगार 1,08,000, तो वेगळाच. हाच कोर्स घरी राहून दूरशिक्षणाने केला आणि नोकरी चालू ठेवली, तर बहुतेकदा कर्जाची गरजच पडत नाही. इग्नूचा पॅरालीगल प्रॅक्टिसचा डिप्लोमा तसा करता येतो.

सवलतीच्या काळात व्याजाकडे दुर्लक्ष

वरच्याच उदाहरणात दोन वर्षं महिना 1,650 रुपये व्याज भरत गेलात, तर पुढचा हप्ता 3,914 वर येतो आणि एकूण सुमारे 12,000 रुपये वाचतात. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर करसवलत मिळते, असं एजंट सांगेल. ती जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि 13,000 पगारावर मुळात कर किती बसतो?

‘बिनव्याजी हप्त्या’वर सही करणं

संस्था मान्यताप्राप्त नसेल, तर बँक शैक्षणिक कर्ज नाकारू शकते. मग संस्थाच एखाद्या फायनान्स कंपनीचं ॲप पुढे करते. तिथे हप्ता बहुधा पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो, आणि कोर्स अर्ध्यावर सोडला तरी कर्ज सुटत नाही, कारण पैसे केव्हाच संस्थेकडे गेलेले असतात. सही करण्याआधी कर्जाचं मुख्य तथ्य विवरण (की फॅक्ट स्टेटमेंट) मागा. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जांना ते बंधनकारक आहे. त्यात प्रक्रिया शुल्क धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. ‘बिनव्याजी’चं सोंग तिथे उघडं पडतं.

दोन वेगळ्या गोष्टी एक समजणं

तालुका विधी सेवा समिती आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक असतात, त्यांनाही पॅरालीगलच म्हणतात. ते प्रशिक्षण मोफत असतं, आणि मिळतं ते मानधन, तेही काम केलेल्या दिवसांचं. याला सरकारी नोकरी समजून खासगी सर्टिफिकेटसाठी पैसे भरू नका. तसंच या सर्टिफिकेटने कोर्टात उभं राहता येत नाही. सनदेशिवाय वकिली केल्यास 1961च्या अधिवक्ता अधिनियमात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. एलएलबीचं एखादं वर्षही या सर्टिफिकेटने कमी होत नाही.

मुंबईचा सराव विकत घेणं

18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची हायकोर्टातली प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. (रायगडची मात्र मुंबईलाच.) गावी परतायचं असेल, तर फोर्टातल्या इंटर्नशिपचे जादा पैसे कशाला मोजायचे? फी भरण्याआधी आपल्या तालुक्यातल्या तीन-चार वकिलांना विचारा: ई-फायलिंग, मराठी टायपिंग, फेरफार वाचणं आणि दुय्यम निबंधकांकडे 30 वर्षांचा सर्च (जमिनीच्या जुन्या दस्तांचा शोध), एवढं येणाऱ्याला किती द्याल? आणि सर्टिफिकेट असलं तर किती जास्त? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हाच तुमचा खरा आकडा. कोणी दोन-तीन महिने हाताखाली घ्यायला तयार असेल, तर आधी ते करून बघा.

हप्ता आधीच झेपत नसेल तर

हप्ता चुकण्याआधी शाखेत जा आणि मुदतवाढीचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वरचं कर्ज पाचऐवजी आठ वर्षांवर नेलं तर हप्ता सुमारे 3,450 होतो, पण एकूण 44,700 रुपये जास्त जातात. म्हणून मुदत वाढवली तरी आंब्याचे पैसे हातात आले की थोडी मुद्दल फेडत जा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जावर (शैक्षणिक कर्जही त्यातच आलं) बँकेला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही.

गप्प बसून थकबाकी 90 दिवसांपलीकडे गेली, तर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, होतं. सहकर्जदार म्हणून वडिलांची सही असते, त्यामुळे सिबिल (कर्जफेडीची पत) त्यांचंही बिघडतं. मग पुढच्या हंगामात कलमांच्या फवारणीसाठी पीककर्ज मागायला ते जातात, तेव्हा मॅनेजर मुलीच्या थकलेल्या हप्त्यांचा हिशेब काढून बसतो.